हळदीच्या कॅप्सूल आणि बाबांचा 'अँटिऑक्सिडंट स्कोअर'

पहिलं_गेट
नमस्कार मंडळी, बेळगावातनं लिहितेय. विषय घरचा आहे, पण सध्या बऱ्याच घरांत हेच चाललंय असं वाटतं म्हणून इथं मांडते.

बाबा ६८ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी. सकाळी फिरायला जातात तिथं गेल्या महिन्यात आरोग्य शिबिर म्हणून एक टेबल लागलं होतं. छोटंसं मशीन, त्यावर तळहात टेकवायचा, निळा उजेड पडतो आणि अर्ध्या मिनिटात आकडा येतो. बाबांचा आकडा लाल पट्ट्यात आला. "काका, तुमच्या शरीराची अँटिऑक्सिडंट क्षमता फार खाली गेलीय, पेशी गंजायला लागल्यात" असं सांगून हळदीच्या कॅप्सूलचे दोन डबे हातात दिले. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड (म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची हळदीतली पिवळी द्रव्यं), शिवाय काळ्या मिरीचा अर्क. सकाळी एक, रात्री एक. महिन्याला १,८०० रुपये.

पैशाचं सोडा, पण त्या दिवसापासून बाबा घाबरलेत. रोज विचारतात, गंजणं थांबलं असेल का गं? मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्यात. हळदीच्या कॅप्सूलनं शरीराची ही क्षमता खरंच वाढते का? आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर हे चालतं का? आई म्हणते हळदच तर आहे, काय होतंय.

गोकाकचा_करदंट
आमच्या घरी कुणाला काहीही झालं की आज्जी हळद लावायची. पोरगा पडला, हळद. मांजरानं बोचकारलं, हळद. लग्न ठरलं, हळद. तिन्हीत पोरगा रडत असायचा एवढंच आठवतंय 😄

रायबाग_कृष्णाकाठ
ताई, आमच्यात दरवर्षी दोन एकर हळद असती म्हणून लिहितो. औषधाचं मला कळत न्हाई, पण हळदीचं कळतं. अक्षय तृतीयेच्या आसपास लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची, जानेवारी ते शिमग्यापर्यंत हेच काम. काढली की गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, काहिलीत शिजवायची, तास-पाऊण तास. फेस आला, वास सुटला, काडी टोचली की आरपार गेली पाहिजे, मग झाली. जास्त शिजली तर रंग मरतो, कमी शिजली तर वाळताना मोडती. मग खळ्यावर दहा-पंधरा दिवस वाळवण, मग ड्रमात घालून पॉलिश. शंभर किलो ओली असली तर वाळून वीस-पंचवीस किलो हातात पडती. माल सौद्याला सांगलीला.

सांगायचं कारण हे, की एवढं सगळं करून आमच्या हळदीत ते कर्क्युमिन का काय ते तीन-चार टक्केच. मग ९५ टक्के कुठनं आलं? ते हळद न्हवं, हळदीतनं काढलेलं काहीतरी. आईंना एवढं सांगा.

लॅबकोट
@रायबाग_कृष्णाकाठ दादांनी एका वाक्यात मुद्दा मांडला. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून त्याचंच गणित करून दाखवते.

कपभर हळदीच्या दुधात आपण अर्धा चमचा हळद घालतो, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यात ३ टक्के धरले तर कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅम. काकांच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५. म्हणजे एक कॅप्सूल म्हणजे जवळपास १६ ग्रॅम हळद, दोन कॅप्सूल म्हणजे ३२ ग्रॅम. रोज ३२ ग्रॅम हळद कुठल्याही आज्जीनं कुणालाही खाऊ घातलेली नाही. त्यामुळे "पिढ्यान् पिढ्या खातोय" हा दाखला आमटीतल्या हळदीला लागू पडतो, कॅप्सूलला नाही.

आता मशीन. तळहातावर उजेड टाकून आकडा देणारी जी मशीन असतात ती सहसा कातडीतलं कॅरोटिनॉइड मोजतात, म्हणजे गाजर, पपई, आंबा, पालेभाज्या यांतून येणारी रंगद्रव्यं. कर्क्युमिन पिवळं असलं तरी कॅरोटिनॉइड नाही, ते पॉलिफेनॉल आहे, कुळच वेगळं. काकांचं मशीन त्या जातीचं असेल तर त्यांनी वर्षभर हळदीच्या कॅप्सूल खाल्ल्या तरी त्या आकड्याला हलायचं कारण नाही, आणि मे महिन्यात रोज दोन आंबे खाल्ले तर हलेल. मोजलं एक आणि विकलं दुसरं. "पेशी गंजल्यात" असं सांगणारं मशीन तर मी अजून पाहिलेलं नाही. काकांना हे आधी सांगा, कारण भीती घालवणं जास्त गरजेचं आहे.

निपाणी_नाका
लॅबकोट मॅडम, मान्य, पण एकदम झटकून टाकू नका. माझे गुडघे गेलेत, वय ५९, आयुष्यभर वखारीत उभं राहून काम केलंय. दोन वर्षं पेनकिलर खाल्ल्या, ॲसिडिटीनं हैराण. मग डॉक्टरांनाच विचारून हळदीचा अर्क सुरू केला, सव्वा महिन्यात जिना चढायला लागलो. आता हे काय मनाचे खेळ म्हणायचे? शेवटी आपलीच हळद आहे, तिच्यावर विश्वास का नको?

सीमावासी_६९
निपाणीकरांना अनुमोदन. आणि हळद आपली आहे हे कोर्टकचेऱ्या करून सिद्ध करावं लागलंय हे विसरू नका. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्यावर पेटंट दिलं गेलं होतं! आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकारानं सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील पुरावे मांडले, आणि १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. मी तेव्हा आरपीडी कॉलेजला शिकत होतो, पेपरात वाचून अंगावर काटा आला होता. तेव्हा परक्यांनी आपली हळद घेतली म्हणून लढलो, आता आपल्याच हळदीचा अर्क काढून आपल्यालाच हजारोंनी विकतेत ते बघून वाईट वाटतं.

लॅबकोट
@निपाणी_नाका मनाचे खेळ अजिबात म्हणत नाही. गुडघेदुखीवर हळदीच्या अर्काच्या चाचण्या झाल्यात. थायलंडमधली २०१४ ची एक मोठी आहे, ३६७ रुग्ण, चार आठवडे, एका गटाला रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क आणि दुसऱ्याला १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. दोन्ही गटांची दुखणी जवळपास सारखीच कमी झाली, पोटाचा त्रास अर्कवाल्यांना कमी. तुमचा अनुभव त्याच्याशी जुळतो, आणि तुम्ही डॉक्टरांना विचारून घेतलंत हे सगळ्यात चांगलं.

पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. "दुखणं कमी होतं का" हे माणसाला विचारून कळतं. "अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते का" यात आधी क्षमता म्हणजे काय हेच बघावं लागतं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपण श्वास घेतो, अन्न जाळतो, त्यात फ्री रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी झोंबणारे अस्थिर रेणू, तयार होतात. ते आवरायला शरीराची स्वतःची माणसं असतात, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन वगैरे. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फसफसतं ना, तो कॅटालेजच काम करत असतो, डोळ्यांनी दिसतो. ही माणसं गोळीतून येत नाहीत, पेशी ती स्वतः बनवते. आणि फ्री रॅडिकल म्हणजे नुसता शत्रू असंही नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

रक्तातली "टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी" नावाची तपासणी आहे. रक्तरस परीक्षानळीत घ्यायचा आणि तो एखाद्या रसायनाला किती आवरतो ते बघायचं. पण त्या आकड्यात फार मोठा वाटा यूरिक ॲसिडचा असतो. म्हणजे संधिवातानं अंगठा सुजलेल्या, यूरिक ॲसिड वाढलेल्या माणसाचा आकडा झकास येऊ शकतो. मग तो जास्त निरोगी का? कर्क्युमिन दिल्यावर हा आकडा थोडा वर गेला आणि मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे चरबी खराब झाल्याची खूण, थोडी खाली आली असं दाखवणाऱ्या चाचण्या आहेत. पण बहुतेक छोट्या, काही आठवड्यांच्या. आकडा हलला इतकंच त्यातून कळतं, त्यामुळे हार्ट अटॅक टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही.

घाटप्रभा
मॅडम फार छान समजावलंत 🙏 शाळेत असं शिकवलं असतं तर!

चिकोडी_मेडिकल
मी दुकानात रोज हे डबे विकतो तरी खरं ते सांगतो. ताई, डब्यावर बारीक अक्षरात बघा, 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत असणारच, ते छापणं बंधनकारक आहे. हे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा खात्याच्या लायसनवर निघतं, म्हणजे खाद्यपदार्थ म्हणून. औषधाला जसं बाजारात येण्याआधी काम करतं हे सिद्ध करावं लागतं तसं याला लागत नाही. लोकं मात्र औषध म्हणूनच घेतेत. परवा एक आज्जी बीपीची गोळी बंद करून हे घ्यायला आल्या होत्या, अर्धा तास बसवून समजावलं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण बीपीची गोळी बंद करू देणार नाही म्हटलं.

आणि मिरीच्या अर्काकडे लक्ष द्या. खरी गोम तिथं आहे.

पहिलं_गेट
@चिकोडी_मेडिकल दादा, बघितलं, आहे ते वाक्य. मिरीचं काय ते सांगाल का? आई म्हणते मिरी तर आपण रोजच खातो.

चिकोडी_मेडिकल
मॅडम जास्त नीट सांगतील. मी एवढंच सांगतो की फिटसची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफायलिन, यांचं रक्तातलं प्रमाण मिरीतल्या पिपरीननं वाढतं. आमटीतल्या चार दाण्यांनी नव्हे, अर्कानं.

लॅबकोट
हो. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून थोडंसंच आत जातं, आणि जे जातं त्याला यकृत लगेच दुसरं रूप देऊन बाहेर काढतं. १९९८ साली आपल्या बेंगळुरूतच एक अभ्यास झाला. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, रक्तात जवळजवळ काहीच सापडलं नाही. सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. हाच आकडा आज प्रत्येक डब्यावर असतो. पण तो "जवळजवळ काहीच नाही" याच्या पटीत आहे, आणि तेही पहिल्या तासाभरापुरतं.

आणि पिपरीन हे कसं करतं? यकृताचं ते बाहेर काढायचं काम मंदावून. चेकपोस्ट ढिलं केलं की ज्याला सोडायचं होतं तो तर जातोच, बाकीचे ट्रकही निघून जातात. काकांच्या गोळ्याही त्याच चेकपोस्टातून जातात. शिवाय कर्क्युमिन स्वतः प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारे कण) चिकटण्याला थोडा अडथळा करतं. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर हे तिसरं. ताई, उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

खानापूरची
मला ह्यात बोलायलाच हवं. माझी मावशी, वय ५४, कुठलाही आजार नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून हळद-मिरीच्या कॅप्सूल चालू केल्या, अडीच महिन्यांनी लघवी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे. आम्ही सगळे कावीळ कावीळ म्हणून झाडपाल्याच्या मागं, आठ दिवस फुकट गेले. शेवटी दवाखान्यात नेलं, हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या पिशव्या, डबे घेऊन या म्हटलं आणि तो डबा बघून लगेच बंद करायला लावला. दीड महिन्यानं यकृताच्या तपासण्या जागेवर आल्या. मावशी म्हणायची, हळदीनं कुणाला कावीळ होते का गं, हळद तर काविळीवर देतात! तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पण मी ते डोळे बघितलेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तो मुद्दाच नाही.

निपाणी_नाका
बापरे. मावशी आता बऱ्या आहेत ना? मला डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करायला सांगितलंय ते का हे आत्ता कळलं.

लॅबकोट
@खानापूरची मावशींचं ऐकून वाईट वाटलं, बऱ्या झाल्या हे फार बरं झालं. हे एकट्या त्यांचं नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना समोर आल्या, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं २०२३ मध्ये लोकांना इशारा दिला. अमेरिकेत यकृताच्या डॉक्टरांच्या गटानं अशा १० रुग्णांचा अभ्यास छापला, त्यातल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ नावाचा एकच जनुकप्रकार सापडला आणि एकाचा मृत्यू झाला होता. म्हणजे सगळ्यांना होत नाही, घेणाऱ्यांच्या मानानं फार थोड्यांना होतं, पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. निपाणीकरांची एलएफटी म्हणूनच महत्त्वाची.

वैद्य_शहापूर
आयुर्वेदाच्या बाजूनं चार शब्द. हरिद्रा आम्ही रोज वापरतो. प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारात, आवळ्याबरोबर निशा-आमलकी देतो, अंगावर पित्त उठलं की हरिद्राखंड देतो. निशा हे हळदीचंच नाव. पण ग्रंथात प्रत्येक द्रव्याला मात्रा आहे, अनुपान आहे, रुग्णाची प्रकृती बघणं आहे. उष्ण, रूक्ष द्रव्य आहे हे, पित्तप्रकृतीच्या माणसाला कुणीही उठून भरमसाट देत नाही. हळदीतला एकच घटक उपसून, तो ९५ टक्के करून, सगळ्यांना सारखाच द्यायचा, ह्याला आयुर्वेदिक म्हणून विकू नये अशी माझी कळकळ आहे. पित्ताशयात खडे असतील तर अशा डोसच्या जवळही जाऊ नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही जपावं, हळदीत ऑक्झलेट बरंच असतं.

आणि सगळ्यांना सांगावंसं वाटतं की आपल्याच नेहरूनगरात आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. सह्याद्रीतल्या वनस्पतींवर तिथं काम चालतं. बेळगावात राहून अर्ध्या लोकांना माहीत नाही.

सीमावासी_६९
खरंच माहीत नव्हतं वैद्यबुवा! रोज त्याच रस्त्यानं जातो.

हुक्केरी_हायवे
एक शंका. मॅडम म्हणतात तसं फायदा सिद्ध नाही, ठीक. पण अँटिऑक्सिडंट जास्त झालं तर नुकसान तरी काय? व्हिटॅमिन सी जास्त झालं तर लघवीतनं जातंच की. घेऊन ठेवलेलं बरं असा माझा तरी हिशोब.

लॅबकोट
@हुक्केरी_हायवे हाच हिशोब एकेकाळी डॉक्टरांचाही होता. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना काही वर्षं बीटा कॅरोटिन किंवा व्हिटॅमिन ई दिलं, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेनं. १९९४ ला निकाल आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर खाणारी माणसं निरोगी दिसतात म्हणून गाजरातला एक घटक गोळीत भरला, आणि उलटंच झालं. २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना व्हिटॅमिन सी आणि ई दिलं तर व्यायामानं इन्सुलिनवर होणारा चांगला परिणामच पुसला गेला. शरीराला थोडा धक्का लागतो, त्यावरच ते तयार होतं.

गंमत म्हणजे हळदीचं काम त्याच वाटेनं चालत असावं असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. कर्क्युमिन स्वतः रॅडिकल पकडत बसण्याइतकं रक्तात पोचतच नाही. पण ते पेशीला थोडं डिवचतं, मग पेशीतली एनआरएफ-२ नावाची यंत्रणा जागी होते आणि स्वतःचे एन्झाइम वाढवते. गावात चोर आल्याची आवई उठली की पोरं रात्रीची गस्त सुरू करतात, तसं. आता आवई महिन्यातनं एकदा उठली तर गस्त चांगली होते. रोज सकाळ-संध्याकाळ उठवली तर काय होईल ते गावातल्या माणसाला विचारा. आणि हेही बरचसं परीक्षानळीत आणि उंदरांत बघितलेलं आहे. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरचं सगळं काम चाळून लिहिलं की हा रेणू अस्थिर आहे, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतो, ज्यात त्यात काम करतोय असं दिसतं.

हुक्केरी_हायवे
बरं झालं विचारलं. आमच्या वहिनींकडे पण मल्टी-अँटिऑक्सिडंटचा डबा आहे, दाखवतो त्यांना हे. भाऊ सिगारेट ओढतो.

खानापूरची
विषय थोडा बदलते. रोजच्या हळदीचं तरी खरं-खोटं कसं ओळखायचं? गेल्या वर्षी आठवडी बाजारातनं सुटी पूड आणली, इतकी पिवळीधमक की हात दोन दिवस निघेना, आणि भाजीला वासच नाही.

रायबाग_कृष्णाकाठ
ताई, वास न्हाई म्हणजे काहीतरी गडबड. आमच्या हळदीचा रंग निघताना थोडा मातकटच असतो, पण गिऱ्हाइकाला चमक पाहिजे, म्हणून पॉलिश करताना रंग मारणारे असतेत. मी त्यात कधी पडलो न्हाई, वडलांनी शपथ घातलीया. चांगला उपाय सांगू? पूड घेऊच नका. हळकुंडं घ्या, मोडून बघा, आत केशरी दिसलं पाहिजे, टणक आवाज आला पाहिजे. चक्कीवर समोर उभं राहून दळून आणा.

लाकाडोंग म्हणून हळदीची जात मेघालयात हाय म्हणतेत, ७ टक्क्यांच्या आसपास कर्क्युमिन. आमच्या पोरानं यूट्यूबवर बघून बेणं मागवायचं म्हणतोय. आमची राजापुरी काय वाईट हाय का सांगा.

लॅबकोट
राजापुरी उत्तम आहे दादा, स्वयंपाकाला टक्केवारी नाही, स्वाद लागतो.

रंगाबद्दल, दोन भेसळींची भीती. एक मेटॅनिल यलो. पुडीत थोडं पाणी आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले की गुलाबी होतं. शुद्ध हळदही ॲसिडनं तांबूस होते पण पाणी वाढवलं की तो रंग जातो, भेसळीचा राहतो. घरी करू नका, शाळेच्या लॅबमध्ये करा. दुसरं लेड क्रोमेट, ते शिशाचं, पोरांच्या मेंदूला घातक. बांगलादेशात २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकारनं छापे मारले, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. करायचं ठरवलं तर होतं.

गोकाकचा_करदंट
आज्जीचं आणखी एक आठवलं. ती हळदीत चुना मिसळून आमच्यासमोर लाल करून दाखवायची आणि म्हणायची, बघ, असंच कुंकू होतं. आम्हाला जादूच वाटायची.

लॅबकोट
ती तुमची पहिली केमिस्ट्रीची शिक्षिका. चुना अल्कली, त्यात कर्क्युमिन लाल होतं. शर्टावर सांडलेल्या आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो याचमुळे, आणि उन्हात वाळत घातला की उडून जातो, कारण उजेडात कर्क्युमिन टिकत नाही. म्हणून हळद काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवू नका, डब्यात ठेवा. आणि फोडणीत तेलात टाकायची आपली पद्धत अगदी बरोबर, ते तेलातच विरघळतं.

घाटप्रभा
सौंदत्तीहून आणलेला भंडारा देवघरात उघडाच असतो आमच्या. आज झाकण लावते 🙂

पहिलं_गेट
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला.

@लॅबकोट ताईंचं वाचून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. कॅप्सूल लगेच बंद करायला सांगितल्या. बाबांच्या दंडावर दोन ठिकाणी काळेनिळे डाग होते, आम्हाला वाटलं कुठं तरी आपटलं असेल. डॉक्टर म्हणाले गोळ्यांमुळेही असे येतात, कॅप्सूलची भर पडली असू शकते, नक्की सांगता येणार नाही, पण कशाला धोका घ्यायचा. एलएफटी केली, नॉर्मल आली. आता नवीन डाग नाहीत. स्वयंपाकातली हळद बिनधास्त खा म्हणाले.

मशीनचं मात्र बाबांना पटवायला वेळ लागला. शेवटी मी कॅरोटिनॉइडचा मुद्दा सांगितला, म्हटलं चला, त्या टेबलावरच विचारू तुमचं मशीन नेमकं काय मोजतं. बाबांनी स्वतः विचारलं. त्या मुलाला सांगता आलं नाही. तो बिचारा बावीस-तेवीस वर्षांचा, टार्गेट आहे काका म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि घरी आले. गंजण्याबद्दल त्यानंतर बोलले नाहीत. काल फिरून येताना पपई घेऊन आले.

आईचा निरोप आहे @रायबाग_कृष्णाकाठ दादांना, पाच किलो हळकुंडं मिळतील का? आम्ही गाडी घेऊन येऊ, काहिल चालू असताना यायचंय, बाबांना बघायचंय.

निपाणी_नाका
लई बरं वाटलं वाचून. माझी पण एलएफटी झाली, ठीक आहे. डॉक्टरांशी बोलून डोस निम्मा केलाय, जिना अजून चढतोय.

रायबाग_कृष्णाकाठ
या की ताई, कधीपण या. जानेवारीच्या शेवटाला आमची काहिल पेटती, कुडचीवरनं आत यायचं, तिथनं फोन करा. जेवायलाच या, भाकरी आणि ओल्या हळदीचं लोणचं हाय. पैसे सौद्याच्या भावानं घेईन, वर काही न्हाई. पोतं मात्र तुमचं आणा, तागाचं. प्लास्टिकच्या पिशवीत हळदीला घाम सुटतो.

खानापूरची
दादा, गौरी-गणपतीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं मिळतील का हो तुमच्याकडं? आमच्याकडं परसातली आहेत, पण ह्या पावसात सगळी कुजली.

रायबाग_कृष्णाकाठ
पानं पाहिजे तेवढी न्या, ताई. किती घरांच्या लागतेत तेवढं सांगून ठेवा, एसटीनं पाठवतो.